घडीमावशींच्या घरी घरभेट

घडीमावशींना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या दारात, आणि पाहताक्षणी मला वाटलं, ही बाई नक्की वेडी आहे. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून एक टकलं डोकं बाहेर डोकावत होतं. कापडाचं. त्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून की काय, वर रुमाल टाकलेला.

माझा मुलगा तेव्हा नुकताच दवाखान्यातून घरी आला होता. घर कसलं, रणांगण झालं होतं. मोरीत भांडी, खुर्चीवर दुपट्यांचा ढीग, आणि मधोमध मी, डोक्यात कंगवा अडकलेला. अर्धे केस विंचरून झाले आणि बाळ रडलं, तेव्हापासून तो कंगवा तिथेच मुक्कामाला होता. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, माता-बाल केंद्रातून एक बाई येतील, नव्या आयांना घरी येऊन मदत करतात. मी मनातल्या मनात मांडे खात होते. बाई येतील, बाळाला घेतील, मी मस्त ताणून देईन.

बाई आल्या. हात धुतले. खुर्चीवरची दुपटी एकेक करून घडी घालून बाजूला ठेवली, खुर्चीत बसल्या आणि हाताची घडी घातली. बाळ तिकडे टाहो फोडत होतं.

"शेवटचं गरम असं काय खाल्लंस?" त्यांनी मला विचारलं.

"अहो, तो रडतोय!"

"ऐकतेय ना. आवाज खणखणीत आहे. गरम काय खाल्लंस?"

मी मुळातच फटकळ, त्यात झोप नाही. "तुम्हाला इथे नुसतं बसायला पाठवलंय का? उचला ना त्याला!"

"माझा नाहीये तो," मावशी शांतपणे म्हणाल्या. "तू उचल. कसं ते मी सांगते." आणि त्यांनी पिशवीतून तो टकला बाहुला काढून खांद्यावर घेतला. "हे आमचे साहेब. हे मी असे धरते, तू तुझं तसं धर. मानेखाली हात. हां. आता तुझा खांदा जरा मागे. अगं, श्वास घे, बाळाला चालतं ते."

मी रागारागात तशीच धरत गेले. त्यांनी साहेबांच्या पाठीवर थोपटलं, मी माझ्या मुलाच्या. आणि एकाएकी त्या एवढ्याशा जिवाने असा काही ढेकर दिला की जणू लग्नाच्या पंगतीतून उठला. मग तो गप्प झाला. मी मावशींकडे पाहिलं. त्या हाताची घडी घालून नुसत्या हसत होत्या.

"मी केलं," मी म्हटलं.

"मग काय साहेबांनी केलं?" त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. तो चहा मी गरम प्यायले.

त्या चहाने मी फितूर झाले म्हणा हवं तर. मुलगा शाळेत जायला लागला तशी मीही केंद्रात कामाला लागले, आणि घरभेटीचं काम मावशींच्या मागे मागे फिरून शिकले.

घडीमावशी हे नाव त्यांना कोणी दिलं कोण जाणे. त्यांचं आधीचं आयुष्य सगळं घड्या घालण्यातच गेलं होतं. मोठ्या दवाखान्याशेजारी एक लाँड्री होती, तिथे त्या इस्त्री करायच्या आणि धुतलेले कपडे घरोघर पोचवायच्या. एखाद्या घरात बाळ रडत असलं की गठ्ठा खाली ठेवून त्या त्याला उचलायच्या, आणि ते चटकन गप्प व्हायचं. "तुमच्या हाताला गुण आहे हो," असं सगळे म्हणायचे. एकदा मात्र एक पोरगेली आई दारापर्यंत त्यांच्या मागे आली आणि म्हणाली, "तुम्ही गेल्यावर मी काय करू?" मावशी सांगतात, त्या दिवशी जिना उतरताना गठ्ठा कधी नव्हे इतका जड लागला. तेव्हापासून त्यांनी परक्या बाळाला आपणहून हात लावणं सोडलं. केंद्रात आल्यावर त्यांच्या यजमानांनी, म्हणजे शिंपीकाकांनी, कोटांच्या उरलेल्या करड्या कापडात चिंध्या आणि वाळू भरून बाळाच्या वजनाचा एक बाहुला शिवून दिला. अंगावर कोटाचं कापड, काम काही नाही आणि सगळीकडे दुसऱ्याने उचलून न्यायचं, तेव्हा त्याचं नाव साहेब पडलं यात नवल नाही. बसमध्ये लोक आधी बाहुल्याकडे बघायचे आणि मग मावशींकडे. मावशी साहेबांना खिडकीशी बसवायच्या.

हाताची घडी, तोंडावर बोट, हे शाळेत आपण सगळ्यांनीच केलंय. आमच्या कामाचेही हेच दोन धडे. पहिला मावशींना पक्का येत होता. दुसऱ्याच्या नावाने मात्र शंख! जिना चढल्यापासून उतरेपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. पण त्या बडबडीतही एक गोष्ट त्या कधी करायच्या नाहीत. बाळ का रडतंय ते त्यांना पहिल्या कुईंलाच कळायचं, आणि तरी त्या सांगायच्या नाहीत. "तुला काय वाटतं?" एवढंच आईला विचारायच्या. आई चुकायची, पुन्हा चुकायची, मग जमायचं. आणि मग एके दिवशी ती आई स्वतः होऊन म्हणायची, "मावशी, धरता का जरा? मी अंघोळ करून येते." त्या दिवशी मावशी घडी सोडून बाळाला पहिल्यांदा हातात घ्यायच्या. ती त्या घरातली शेवटची भेट असायची. "आपलं बाळ दुसऱ्याच्या हातात बिनघोर देते ती आई झाली," असं त्यांचं म्हणणं. माझ्याही घरी असंच झालं होतं. अंघोळ करताना मी मोठमोठ्याने गाणी म्हटली होती.

तर अशा या मावशींची एकुलती एक लेक बाळंत झाली, मुलगी झाली, आणि लेक माहेरी आली. मावशींनी रजा घेतली आणि साहेबांना केंद्रातल्या कपाटात ठेवलं. आमच्याकडे नियम आहे की स्वतःच्या नात्यात आपण भेट द्यायची नाही, दुसऱ्या कोणीतरी जायचं. मावशींनी आमच्या मोठ्या बाईंना फोनवर सांगितलं, "माझ्या घरी कशाला कोणी? सुताराच्या घरी कोणी सुतार बोलावतं का?" मोठ्या बाई म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम," आणि मला पाठवलं. मी मिठाईच्या दुकानात चालल्यासारखी गेले. तिथे काय काम असणार होतं मला?

घर लख्ख होतं. दुपट्यांच्या घड्या अशा की फूटपट्टी लावून बघावी. शिंपीकाका खिडकीजवळ मशीनवर वाकलेले होते. ते महिन्याकाठी चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक "या" हे माझ्या वाट्याला आलं. मावशी नातीला खांद्यावर घेऊन फिरत होत्या. चेहरा असा फुललेला की मीच हसत सुटले. आणि लेक पलंगाच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर घेऊन डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तशी.

ही लेक म्हणजे लेचीपेची बाई नव्हे. ती गाडी चालवायला शिकवते. एकाने तिची शिकवणीची गाडी थेट सलूनच्या पायरीवर चढवली होती, तरी तिचा आवाज चढला नव्हता. "छान, आता रिव्हर्स शिकू," एवढंच ती म्हणाली होती. अशी बाई आता स्वतःच्या माहेरी पाहुणी दिसत होती.

मी तिला विचारलं, "दूध नीट ओढते का?"

"अगदी छान ओढते," मावशी म्हणाल्या.

"झोप होते का तुझी?"

"झोपू देते मी तिला. मी असताना तिला कसली जागरणं?"

"आणि रडते किती?"

"रडतच नाही!" मावशी अभिमानाने म्हणाल्या, आणि ते खरं होतं. तेवढ्यात बाळाने नुसती मान वळवून तोंड उघडलं, आवाज अजून घशातच होता, तोच मावशी म्हणाल्या, "भूक लागली गं तिला," आणि तिला लेकीच्या मांडीवर ठेवलं. पिऊन होताच "आता ढेकर अडकलाय" म्हणून उचललंही. लेकीचे दोन्ही हात अर्धवट पुढे आले होते. ते तसेच हळूच मांडीवर परत गेले.

मावशी चहा टाकायला आत गेल्या, नातीला घेऊनच. तेव्हा लेक माझ्याजवळ सरकली.

"ताई, मी ठरवलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "रजा संपली की मी एकटीच घरी जाईन. बाळ राहू दे इथे, आईजवळ. थोडी मोठी होईपर्यंत."

"तुझा नवरा काय म्हणतो?"

"त्याला आवडलेलं नाही. पण त्याला काय माहीत? आईला ती न बोलता कळते. मला तर ती काय म्हणते त्यातलं एक अक्षर कळत नाही. रविवारी आई खाली भाजी आणायला गेली तर मी बाबांना म्हटलं, आईला हाक मारा." तिने डोळे पुसले. "काही काही बायकांना जमत नसेल ना हे?"

मी खाली उतरले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाळ गुटगुटीत, घर हसरं, आजी खूश, आणि या सगळ्यात एक आई गळून चालली होती, आणि ते कोणाला दिसत नव्हतं. दुसऱ्या आज्यांच्या चुका मावशींनी केल्या नव्हत्या. धाक नाही, टोमणा नाही, अंधश्रद्धा नाही. त्यांची चूक त्यांच्यासारख्या बाईलाच करता आली असती. बाळ रडायच्या आत त्यांना कळत होतं, आणि म्हणून त्या घरात बाळ कधी रडलंच नव्हतं. ज्या आईने आपल्या बाळाचं रडणं कधी ऐकलंच नाही तिला ते कळणार कुठून? हे घर परक्याचं असतं तर मावशी हात बांधून गप्प बसल्या असत्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण मला मावशींचा राग येत नव्हता. प्रश्न एवढाच होता, की हे त्यांना सांगायचं कोणी?

"तूच," केंद्रात परतल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर त्या नियम म्हणून ऐकतील. तुला त्यांनी शिकवलंय."

पुढच्या भेटीला जाताना मी कपाटातून साहेबांना काढलं. बसमध्ये लोक माझ्याकडे बघत होते. मीही त्यांना खिडकीशी बसवलं.

"यांना कशाला आणलंस?" मावशींनी दारातच विचारलं. "इथे खरं बाळ आहे की."

मी साहेबांना घेऊन आत गेले. बाळ पलंगावर दुपट्यात पडलं होतं, लेक शेजारी, मी खुर्चीत. थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग दुपट्यात हालचाल झाली, एक बारीक कुईं आली, आणि मावशी उठल्या. मीही उठले. त्यांनी हात पुढे केले, आणि त्या हातांत मी साहेब ठेवले.

"हे धरा, मावशी. बसा."

"अगं, पण तिला—"

"बसा मावशी. हाताची घडी."

मशीनचा आवाज थांबला. मावशींचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "तू मला शिकवतेस?"

"हो," मी म्हटलं. "तुम्ही शिकवलंत तेच. माझ्या घरी माझा मुलगा टाहो फोडत होता, तेव्हा तुम्ही मी गरम काय खाल्लं ते विचारत होतात. तुमच्या लेकीला तेवढं तरी द्या."

मावशी खाली बसल्या. बाळ आता चांगलंच रडायला लागलं. त्या घरातलं पहिलं खरं रडणं ते. लेक पांढरीफटक पडली. "आई, घे ना गं तिला! ऐकू येत नाही का तुला?"

मावशींना ऐकू येत नसेल? त्यांच्या पायाचा अंगठा लादीवर आपटत होता, साहेब छातीशी आवळलेले. त्यांनी तोंड उघडलं, "तिला—" आणि मी माझ्या ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी तोंड मिटलं. एवढे कष्ट त्यांनी लाँड्रीतल्या उन्हाळ्यातसुद्धा केले नसतील.

"तुला काय वाटतं?" मी लेकीला विचारलं.

"मला काही वाटत नाही! मला माहीत नाही!" पण तिने बाळाला उचललं. पाजून पाहिलं, बाळाने तोंड फिरवलं. लंगोट पाहिला, कोरडा. खांद्यावर घेऊन थोपटलं, उलट आवाज चढला. लेक खोलीच्या मधोमध उभी राहिली, बाळाकडे बघत, आणि मग तिने एक लांब श्वास घेतला. कुठला आवाज आपोआप तोंडात आला असेल तर तो तिच्या कामावरचा.

"बरं. घाबरायचं नाही," ती बाळाला म्हणाली. "मी शेजारीच बसलेय. आधी आरसा बघायचा. मागे कोण आहे? आजी आहे. आजी थांबलीय. आता क्लच सोडायचा, सावकाश... अगदी सावकाश... झटका द्यायचा नाही."

आणि ती चालू लागली. पलंगाला वळसा घालून मशीनपर्यंत. "समोर वृद्ध गृहस्थ उभे आहेत, हॉर्न वाजवायचा नाही." शिंपीकाका अंग चोरून बाजूला झाले. "आता डावीकडे. सिग्नल दिला? शाब्बास." रडणं तुटक झालं, मग हुंदके, मग एक उचकी. स्वयंपाकघराच्या दारातून वळून परत येईपर्यंत बाळ गप्प होतं आणि टकामका आईच्या तोंडाकडे बघत होतं.

"गाडी थांबली," लेक कुजबुजली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तिला भूक नव्हती. तिला काहीच नको होतं. नुसतं बोलायला हवं होतं कोणीतरी." आणि ती हसायला लागली आणि रडायलाही, दोन्ही एकदमच.

मी मावशींकडे वळले. त्यांच्या मांडीवरून वाळूची बारीक धार लादीवर पडत होती. त्यांनी साहेबांना इतकं आवळलं होतं की त्यांची शिवण उसवली होती.

"मला वाटलं होतं, पोटात वारा धरलाय," मावशी म्हणाल्या. "मी पाय दाबून दिले असते तिचे."

"आई," लेक त्यांच्यासमोर बाळासकट खाली बसली. "शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. मी तो सारखा दाबून बसले तर समोरचा माणूस जन्मात गाडी शिकणार नाही."

"मग दाबायचा कधी?"

"धडकणार असेल तर. ती रडत होती, आई. धडकत नव्हती."

मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "किती दिवस बसली होतीस गं अशी, हात मांडीवर घेऊन?" त्या म्हणाल्या. "आणि मला दिसलं नाही. मला! तुला बघायचं सोडून मी नातीलाच बघत बसले." लेकीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मध्ये बाळ होतं, आणि बाळाच्या शेजारी गळके साहेब. शिंपीकाका उठले, साहेबांना अलगद काढून घेतलं आणि सुईत दोरा ओवत त्या महिन्यातलं दुसरं वाक्य बोलले, "दवाखान्यात भरती करावं लागणार यांना."

त्यानंतरच्या भेटींत मला फारसं काम उरलं नाही. मावशी खुर्चीत घडी घालून बसायच्या आणि लेक बाळाला घेऊन घरभर गाडी चालवत फिरायची. बाळ रडायचंही, हवं तेवढं. एकदा तर खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना, म्हणून. "उत्तम आहे," मावशी म्हणाल्या. "लेक शिकतेय." लेकीने एकटीनेच घरी परत जाण्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. आणि मावशींनी इतक्या दिवसांत नातीला एकदाही आपणहून उचललं नाही. नियम म्हणजे नियम.

निघायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. गाडी खाली रस्त्यावर उभी होती, जावईबापू पिशव्या कोंबत होते आणि लेक बाळाची सीट बसवायच्या खटपटीत होती. पट्टा अडकला. तिने इकडे तिकडे पाहिलं, आणि सहज, अगदी सहज, बाळाला पुढे केलं.

"आई, धरतेस का जरा? हे एवढं लावते."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तेव्हा कुठे त्यांनी घडी सोडली आणि नातीला घेतलं. त्यांनी तिचा वास घेतला, गालाला गाल लावला, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. बाळाने मान वळवली आणि एक बारीक कुईं केली. मी पाहिलं, मावशींना उत्तर माहीत होतं. ओठांपर्यंत आलेलं मला दिसत होतं.

"भूक नाहीये तिला, आई," गाडीत डोकं घालून बसलेली लेक वळूनही न बघता म्हणाली. "मी दिसत नाहीये ना, म्हणून. आलेच गं माझी राणी."

"घे बाई तुझी तू," मावशी म्हणाल्या आणि हसत हसत नात परत दिली.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. सिग्नल आधी दिला होता, अर्थातच. मग मावशींनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "चल. उद्यापासून मी कामावर. साहेब कुठायत?"

मी पिशवीतून साहेबांना काढून दिलं. बाजूला काकांनी घातलेली नवी शिवण होती, निळ्या दोऱ्याची. मावशींनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि आम्ही बसथांब्याकडे निघालो. त्या उद्याच्या भेटींबद्दल सतत बोलत होत्या. बोलता बोलता त्यांचा हात साहेबांच्या पाठीवर थोपटत होता, सावकाश, न थांबता. येणारेजाणारे वळून बघत होते. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. माझ्या जिभेवर काहीतरी आलं होतं. पण मी हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि त्यांच्या शेजारून चालत राहिले.